हसणाऱ्यांनो, धोंडा तुमच्याकडंच येतोय

नरसिंहपुरात नीरा भीमेला मिळते. घाट चढून गेलं की नरसिंहाचं देऊळ. अर्धा पशू, अर्धा माणूस. त्याच्यापुढं अख्खं गाव नाक घासतं. त्याच्या आधीचा अवतार वराह, म्हणजे डुक्कर. पोथीतलं डुक्कर देव, अन् गल्लीतल्या डुकरामागं पोटासाठी धावणारा कैकाडी दिसला की हेच भक्त खदाखदा हसतात.

2014 साली ‘फँड्री’ थेटरात लागला. करणारा नागराज मंजुळे आपल्या तालुक्याला लागून, भीमेपल्याडच्या करमाळ्यातल्या जेऊरचा. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. मी तवा शाळेत होतो. पडद्यावर जब्याचं सगळं घर डुकरामागं पळतंय, गाव कडंला बसून हसतंय, आणि थेटरातही हशा, शिट्ट्या. खरं सांगतो, मीही हसलो. आमच्या वस्तीतली पोरंही हसली. शेवटाला जब्यानं भिरकावलेला धोंडा सरळ आपल्याकडं आला. हसू घशातच अडकलं. गिरणीत रातपाळीला उभा राहिलो की तो धोंडा अजून ठणकतो.

‘गंमत आहे, मनावर घेऊ नका’ म्हणणारे भेटतील. कुणाच्या जिवावर गंमत? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांची नक्कल करायचे. गोरे पोट धरून हसायचे, आणि त्याच काळ्यांना बाजारात विकायचे. आपल्याकडं 1968 च्या ‘पडोसन’मध्ये मेहमूदनं दाक्षिणात्य गायनमास्तराचं सोंग केलं, देश हसला. ‘लगान’मधला अस्पृश्य खेळाडू कचरा. 2023 साली झोमॅटोच्या जाहिरातीत त्याचा दिवा केला, टेबल केलं. ओरड झाली तेव्हा जाहिरात मागं घेतली. ती सुचली, बनली, पास झाली, तोवर कुणालाच काही खुपलं नव्हतं.

हसणारा म्हणतो, मी काय केलं? अरे, सोंग करणारा एकटा असतो. त्याला बळ तुझ्या हशानं येतं. अंधारात तोंड दिसत नाही, म्हणून जात मोकळी हसते.

आणि मित्रांनो, आपणही सुटलेलो नाही. कैकाडी आपला नाही, मद्राशी आपला नाही, म्हणून आपण दात काढतो. खालच्याला हसायचं, हीच तर उतरंड! ती बाबासाहेबांनी मोडायला सांगितली होती.

त्या सिनेमात बांधलेलं डुक्कर बाबासाहेबांच्या चित्रावरून नेतात. बाबासाहेब भिंतीवर आहेत, त्यांना खाली उतरता येत नाही. तुम्हाला उठता येतं. पुढच्या वेळी शेजारचा हसला तर तिथंच उभे राहा आणि विचारा, कुणाला हसलास?