वुजू करताना तोल जातो का?

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. 'शुगरमुळे असेल' म्हणून आपण सोडून देतो. पण वुजूत चेहऱ्यावर पाणी घेताना डोळे मिटले की त्यांचा तोल जात असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवावे. पाय कुठे टेकले आहेत याची खबर मेंदूला नीट पोचत नसली, की माणूस नजरेच्या आधाराने उभा राहतो. डोळे मिटले की तोही आधार जातो.

ही खबर नेणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते, पराठ्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर. मेंदू व मज्जारज्जूत हे थर घट्ट धरून ठेवते ते मायलिन बेसिक प्रोटीन. त्याच्या साखळीत १०७ व्या जागी असलेल्या आर्जिनिनला शरीर मिथाइल गट जोडते. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स एवढाच! त्याने थर नीट बसायला मदत होते, असे शास्त्रज्ञ मानतात. हा गट मेथिओनिनपासून मिळतो आणि वापरलेले मेथिओनिन पुन्हा तयार करायला जीवनसत्त्व बी-१२ लागते. ते कमी पडले की हे काम अडते. बी-१२ अभावी मायलिन खराब होण्याचे हे एक कारण सांगितले जाते.

'आपण गोश्त खाणारे, आपल्याला कसली कमतरता?' असे घरोघरी ऐकू येते. गोश्त, कलेजी, मासळी, अंडी, दूध यांत बी-१२ असते, हे खरेच. अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये कलेजी खाऊ घालूनच घातक पंडुरोगाचे रुग्ण बरे केले. १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. पण त्या रुग्णांची खरी अडचण शोषणाची होती, म्हणून कलेजी रोज भरपूर खावी लागे. उतारवय, जठराचे विकार, वर्षानुवर्षे घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिन यांमुळेही शोषण घटते.

म्हणून मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावे. नुसत्या फॉलिक ॲसिडवर भागवू नये. त्याने रक्त सुधारलेले दिसते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळ फरक पडतो, फार उशीर झाला तर काही दोष कायमचा राहू शकतो.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. दादी-नानी स्वतःहून तक्रार करत नाहीत. येत्या जुम्म्याला आपणच विचारू या, "अम्मी, तोंड धुताना तोल जातो का?"