खळ्यातले दाणे

दिवाळीला भाचा तिसगावला आला, की फराळाबरोबर गप्पांचेही ताट वाढले जाते. तो पदार्थविज्ञान शिकतो, मी मराठीचा मास्तर. यंदा त्याला विचारले, "अरे, १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत आपले होमी भाभा म्हणाले होते, वीस वर्षांत हायड्रोजनच्या मीलनाची शक्ती ताब्यात येईल. मग अडले कुठे?"

"पुष्कळ ठिकाणी, मामा. त्यातले एक ठिकाण म्हणजे भट्टीची भिंत."

या भट्टीत हायड्रोजनची दोन भावंडे, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, सुमारे १५ कोटी अंशांवर एकजीव होतात. त्यातून सुटलेला न्यूट्रॉन भिंतीत घुसतो. भिंत टंगस्टनची, ३,४२२ अंशांपर्यंत न वितळणारी! पण त्या माराने तिचे अणू जागा सोडतात, आत पोकळ्या पडतात, आणि इवलासा ट्रिटियम त्यांत जाऊन बसतो.

मला लहानपणचे बाजरीचे खळे आठवले. तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. दाणा मोकळा करणारे बैल तेच, आणि सारवलेल्या जमिनीला खळगे पाडणारे खूरही त्यांचेच! रास मापताना आमचे वडील, आबा, म्हणत, "जमिनीने आपला वाटा घेतला."

भाचा हसला. "अगदी तसेच. फक्त आमचा दाणा फार दुर्मिळ."

ट्रिटियम किरणोत्सर्गी, १२.३ वर्षांत निम्मा होतो. निसर्गात तो जवळजवळ नाहीच. भट्टीने त्याच न्यूट्रॉनच्या बळावर लिथियमपासून तो पिकवायचा. म्हणजे भिंतीत अडकतो तो पुढच्या पेरणीचा दाणा! इंग्लंडमधल्या 'जेट' भट्टीत १९९७ साली कार्बनच्या भिंती होत्या. आत सोडलेल्या ट्रिटियमचा सुमारे तिसरा हिस्सा त्या प्रयोगांअखेर आतच राहिला. म्हणून पुढे टंगस्टनकडे वळले. फ्रान्समधल्या 'ईटर' भट्टीत भारतही भागीदार आहे. तिथे आत साचणाऱ्या ट्रिटियमला सुमारे १ किलोची मर्यादा घातली आहे.

"भिंत तापवली की बराचसा सुटतो," भाचा म्हणाला, "पण पोकळीत बसलेला हट्टी असतो."

ताईला वाटते, पोराने आता बऱ्या पगाराची नोकरी धरावी. त्याला मात्र धातूतल्या या पोकळ्याच मोजायच्या आहेत. ओसरीवर बसून आबा सारे ऐकत होते.

"खळे आम्ही दर साली नव्याने सारवायचो. तुमच्या भट्टीत कोण रे शिरणार?"

"माणूस नाही, आजोबा. यंत्राचे हात."

आबा क्षणभर गप्प राहिले. मग ताईकडे वळून म्हणाले, "मोजू दे त्याला. रास मापण्याआधी कुणीतरी जमीन पाहायलाच हवी."

ताईने काही न बोलता त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.