पेशंटसोबत कोण आहे?

थंडी पडली की पुण्यात ब्लँकेट वाटणाऱ्यांच्या गाड्या निघतात. स्टेशनबाहेर झोपणाऱ्या एकेकाला आठवडाभरात दोन-तीन ब्लँकेटं मिळतात आणि त्यातलं एखादं तो विकून टाकतो. यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. जास्तीचं ब्लँकेट त्याने ठेवायचं कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. औषधांचंही तेच. 'जेवणानंतर दिवसातून तीनदा' असं कागदावर लिहिलेलं असतं. इथे जेवण एकदाच, तेही कोणी आणून दिलं तर. अतिक्रमणविरोधी पथकाने गाठोडं उचललं की त्यात रक्तदाबाच्या गोळ्या जातात आणि केसपेपरही जातो. इन्सुलिन थंड जागी ठेवा असं सांगायला तर जीभच रेटत नाही.

रस्त्यावरच्या माणसांवर उपचार करणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर मी जाते. मी डॉक्टर नाही. सुरुवातीला वाटायचं की आपण तिथे फक्त अडगळ. डॉक्टर आणि सिस्टर जखमा धुतात, खरजेचं मलम देतात, खोकला किती दिवसांचा आहे ते विचारून थुंकी तपासायला पाठवतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला खिळा लागलेला कळत नाही, मग जखम चिघळते, माश्या बसतात आणि अळ्या पडतात. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून त्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात. हे पाहून नवीन आलेली कॉलेजची मुलं एक तर पळतात, नाही तर मोबाइल काढतात. मोबाइल काढणाऱ्यांना आम्ही परत बोलवत नाही.

आमच्यात सगळ्यात जास्त मागणी आहे ती न्हाव्याला. त्याच्या कात्रीला मी औषधोपचारच मानते, कारण दाढी-केस कापून, अंघोळ करून स्वच्छ सदरा घातलेल्या माणसाला हॉस्पिटलच्या गेटवरचा वॉचमन अडवत नाही.

खरी अडचण गेटच्या आत सुरू होते. आपली सरकारी हॉस्पिटलं डॉक्टर आणि सिस्टर चालवतात तितकीच ती पेशंटचे नातेवाईक चालवतात, हे तिथे एखादी सकाळ काढलेल्या कोणालाही पटेल. केसपेपरच्या रांगेत नातेवाईक उभा राहतो, स्ट्रेचर तो ढकलतो, रक्ताची बाटली लॅबमध्ये तो पोचवतो, बाहेरून औषध तो आणतो, ऑपरेशनच्या कागदावर सही त्याची लागते आणि रात्री बेडपॅन देणाराही तोच. ज्याला घर नाही त्याच्याकडे नेमकं हेच माणूस नसतं. 'पेशंटसोबत कोण आहे?' ही हाक आली की तो खाली मान घालतो. एका मोठ्या दवाखान्यात, आम्ही ज्यांना 'मामा' म्हणतो त्या आमच्या एका पेशंटला सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं होतं. बिगारी कामासाठी मराठवाड्यातून आलेला, पायावर स्लॅब पडल्यावर मुकादमाने सोडून दिलेला हा माणूस. दुपारी मला म्हणतात, "जाऊ द्या ताई, त्यांना बी लई पेशंट हायेत." ओपीडी बंद झाली होती. मी तिथे थांबले असते तर नंबर लागला असता का? बहुतेक लागला असता. दुसऱ्या खेपेला लागला, कारण नात्याच्या रकान्यात मी 'भाची' लिहिलं आणि दर अर्ध्या तासाने खिडकीशी जाऊन उभी राहिले.

म्हणून मला वाटतं, बेघरांच्या सेवेत कमतरता गोळ्यांची नाही, सोबतीची आहे. सोबत म्हणजे निव्वळ मायेचे दोन शब्द नव्हेत. कागदपत्रांची, रांगेत उभं राहण्याची, पुन्हा पुन्हा विचारत राहण्याची चिकाटी. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक बसतात. फी माफीपासून औषधांपर्यंत त्यांची मदत होते, पण त्यांच्या टेबलापर्यंत पेशंटला कोणीतरी न्यावं लागतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखाव्या लागतात, पण निर्धन असल्याचा कागद हवा आणि त्या कागदासाठी पत्ता हवा. क्षयरोगाच्या पेशंटला पोषणासाठी सरकार नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये देतं, ते बँक खात्यात. खातं उघडायला ओळखीचा पुरावा हवा, बहुतेकदा आधार. क्षयाची औषधं किमान सहा महिने न चुकता घ्यायची. मध्येच सुटली तर पुढे औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो. सहा महिने एकाच फुटपाथवर टिकून राहणं माणसाच्या हातात असतं का?

सोबतीचं एक उदाहरण घ्या. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ मध्ये मुंबईत 'श्रद्धा' संस्था सुरू केली, पुढे कर्जतला केंद्र उभं राहिलं. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना आणायचं, बरं करायचं आणि घरी पोचवायचं, हे त्यांचं काम. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी डॉक्टरांचं कौतुक केलं, ते रास्तच. पण मला त्यातला मोठा भाग वाटतो तो पेशंटबरोबर रेल्वेने, एसटीने त्याच्या गावापर्यंत जाऊन घर शोधणाऱ्या कार्यकर्त्यांचा. त्यांच्याशिवाय उपचार कर्जतमध्येच संपले असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार असा भरकटलेला माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. पोलीस ठाण्यात जाऊन हे कलम नम्रपणे वाचून दाखवणारा नागरिक लागतो, एवढंच.

औषधं न चुकता घ्यायला एका जागी राहता यायला हवं, म्हणून निवाऱ्याबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांच्या, २४ तास उघड्या निवाऱ्याचा होता. पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ३१ लाखांच्या वर होती. हिशेब करून, तेवढे निवारे आहेत का, असं आपल्या नगरसेवकाला विचारायला हरकत नाही.

आमच्याकडे रविवारी हात पुष्कळ असतात. केळी वाटायला, फोटो काढायला, चहा द्यायला. ओपीडी मात्र रविवारी बंद असते. तेव्हा ज्यांना खरंच यायचंय त्यांनी महिन्यातून एखाद्या मंगळवारी अर्धी रजा टाकावी, सकाळी आठला हॉस्पिटलच्या गेटवर यावं, पाण्याची बाटली आणि पेन घेऊन. पेशंट आम्ही आणतो, नातेवाईक तुम्ही व्हा.