अंगठा आमचा, भाषा कोणाची?

दुकानावरील फलक, बसवरील पाटी, जमिनीचा उतारा आणि नगरपालिकेची नोटीस मराठीत मिळावी, यासाठी सीमाभागातील तीन पिढ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, तुरुंगवास भोगला. त्या पिढ्यांचे वारस म्हणवणारे आम्ही मात्र दिवसातून दहा वेळा एका इंग्रजी मजकुराखाली अंगठा उमटवतो आणि तो मजकूर काय होता हे संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो. पूर्वी निरक्षर कुळाचा अंगठा सावकार शाई लावून घेई. आता साक्षर माणसाचा अंगठा काचेवर घेतला जातो. शाई लागत नाही, एवढाच फरक.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका आमच्या कार्यालयात आल्या. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाई. त्यांच्या फोनवर दर पाच-दहा मिनिटांनी इशारा येई की फोनमध्ये व्हायरस शिरला आहे, ताबडतोब येथे दाबा. बँकेचे खाते रिकामे होईल या भीतीने त्यांनी चार दिवस फोन बंद ठेवला होता, आणि पुण्यातील मुलगा फोन लावून लावून हैराण झाला होता. "वकीलसाहेब, ही कोर्टाची नोटीस तर नव्हे ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. फोन पाहिला. व्हायरस वगैरे काही नव्हते. कुठल्याशा राशिभविष्याच्या पानावर त्यांनी कधीतरी 'अलाऊ' हे बटण दाबले होते आणि त्या पानाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळाली होती. ब्राउझरच्या यादीत अशा एकोणीस परवानग्या निघाल्या. आम्ही विचारले, बाई, हे दाबलेत का? त्या म्हणाल्या, "दाबल्याशिवाय पुढचे दिसत नव्हते. आणि इंग्रजीत विचारलेल्याला नाही म्हणायची सवय नाही हो आम्हांला."

या शेवटच्या वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत आहोत. बाईंचा फोन दुकानातल्या मुलाने इंग्रजीत लावून दिला होता आणि त्यांनी तो तसाच वापरला. वर्गात ज्यांनी आमच्यासारख्यांची जोडाक्षरे तपासली, त्या बाईंना स्वतःच्या फोनशी परक्या भाषेत व्यवहार करावा लागत होता. त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटलेही नव्हते. आम्हांलाही, खरे सांगायचे तर, त्या दिवसापर्यंत वाटले नव्हते.

आधी वस्तू काय आहे ते सांगू. परीट कपडे घेताना प्रत्येकाच्या कपड्यावर एक खूण घालतो. त्या खुणेत मालकाचे नाव नसते. पण कपडा कोणाचा हे परटाला अचूक कळते. कुकी ही अशीच खूण. एखादे संकेतस्थळ उघडले की ते आपल्या ब्राउझरमध्ये एक लहानशी चिठ्ठी ठेवते आणि पुढच्या वेळी ती पाहून आपल्याला ओळखते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली याने ही युक्ती काढली, ती गैरसोय टाळण्यासाठी. तिच्यामुळेच बँकेच्या पानावर प्रत्येक टिचकीला पुन्हा पासवर्ड द्यावा लागत नाही. तिच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते दुसऱ्या जातीच्या चिठ्ठीशी. समजा, गावातील परीट, किराणा दुकान, औषधांचे दुकान आणि वाचनालय या चारही ठिकाणी एकच अनोळखी माणूस कोपऱ्यात बसला आहे आणि तीच खूण पाहून नोंद करतो आहे. कपडे कोणते, डाळ किती, गोळ्या कोणत्या, पुस्तक कोणते. त्याला तुमचे नाव ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. या चिठ्ठीला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात, आणि जाहिरातींचा मोठा व्यापार तिच्यावर उभा राहिला. सफारी ब्राउझरने २०२० मध्ये ती मुळातच बंद केली. गूगलने त्याच वर्षी क्रोममधून ती काढण्याची घोषणा केली, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो विचार सोडून दिला. म्हणजे क्रोम वापरणाऱ्याने स्वतः बंद केल्यावाचून तिचा पुरता बंदोबस्त होत नाही.

आता कायद्याचे बोलू. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये संमतीची व्याख्या आहे: दोघांनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता देणे. एकाच अर्थाने, हे शब्द महत्त्वाचे. ज्या मजकुराचा अर्थच एका पक्षास लागला नाही, तेथे एकच अर्थ कोठून येणार? आपल्या न्यायव्यवस्थेला हे तत्त्व नवे नाही. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त तिला वाचून, समजावून दिला होता हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयांनी दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर टाकला. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या प्रकरणात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. स्थानबद्धाला इंग्रजी येत नव्हते आणि त्याने हिंदी भाषांतर मागितले होते. राज्याची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, तेव्हा इंग्रजीत दिले की पुरे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. ज्याला कळवायचे त्याला कळेल अशा भाषेत कळवले नाही, तर ते कळवणेच नव्हे. तुरुंग आणि जाहिरात यांची तुलना अतिशयोक्त वाटेल. आम्ही तुलना शिक्षेची करीत नाही, 'कळवले' या शब्दाच्या अर्थाची करतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला. त्यात कुकी हा शब्दही नाही. पण त्या चिठ्ठीवरून जी वैयक्तिक माहिती गोळा होते ती त्याच्या कक्षेत येते. या अधिनियमाची कलमे ५ आणि ६ सीमाभागातील प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावीत, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. माहिती घेण्यापूर्वी द्यायची सूचना आणि संमतीची मागणी, दोन्ही इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय दिला पाहिजे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाशर्त आणि निःसंदिग्ध हवी. ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे हवे. आणि वाद झाला तर संमती रीतसर घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार माहिती घेणाऱ्यावर.

हे वाचून आम्ही खुर्चीत सरळ बसलो. कारण साधे आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या ज्या सवलतींसाठी आपण इतकी वर्षे झगडलो, त्या सर्वांना टक्केवारीचे कुंपण आहे. तालुक्यात पंधरा टक्के आहात का? जनगणनेचा आकडा दाखवा. मराठी शाळेत पुरेशी मुले आहेत का? पट दाखवा. येथे मात्र डोकी मोजायची नाहीत. तालुका नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. बेळगावच्या मराठी माणसाला जो हक्क, तोच इंदूरच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या एकट्यादुकट्या मराठी कुटुंबाला. आमच्या कन्नड शेजाऱ्याला कन्नडचा आणि गोव्यातील बांधवाला कोकणीचाही तोच. त्याचा आम्हांला आनंदच आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि सूचना-संमतीची बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, पूर्णपणे लागू व्हायची आहेत. हा मधला काळ कंपन्यांना तयारीसाठी दिलेला आहे. आमच्या तयारीचे काय?

कायद्याचा शब्द 'पर्याय' आहे, हे विसरू नये. पर्याय कोपऱ्यातही देता येतो. चार पडद्यांच्या आड एक यादी, त्यात बावीस भाषा, आणि त्यांत मराठी; झाले पालन. फ्रान्समध्ये कुकी स्वीकारायला एक टिचकी आणि नाकारायला अनेक, एवढ्या कारणावरून तेथील माहिती संरक्षण आयोगाने २०२१ अखेरच्या निर्णयाने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. तेथे लोकांनी तक्रारी केल्या होत्या. येथे मराठी कोणी मागितलीच नाही, तर ती कोपऱ्यातच राहील.

आणि आपण ती मागत नाही, उलट नको म्हणून सांगतो. हे शब्दशः खरे आहे. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाकडे पान मागताना आपल्या पसंतीची भाषाही कळवत असतो. ज्याचा फोन इंग्रजीत, त्याची नोंद इंग्रजी वाचक म्हणून. अशी एक मूक शिरगणती अहोरात्र चालू आहे, आणि मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहा म्हणून जनगणनेच्या वेळी घरोघर फिरणारे आपले कार्यकर्ते या शिरगणतीत स्वतःला इंग्रजी भाषक नोंदवत आहेत. त्यांपैकी काहींशी आम्ही बोललो. एक म्हणाले, मराठी फोन 'कसासाच' वाटतो. दुसरे म्हणाले, आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय? पहिल्यास उत्तर देण्याची आमची इच्छा नाही. दुसऱ्यास इतकेच विचारतो की आंदोलनाच्या आदल्या रात्री आपण कोणाच्या घरी जमलो होतो हे ठिकाणाच्या परवानगीतून एखाद्या ॲपला कळत असेल, तर ते लपवण्यासारखे नाही काय?

येथे स्वतःचा दोषही सांगितला पाहिजे. ज्या मराठी संस्थेचे काम आम्ही पाहतो, तिच्या संकेतस्थळावरील गोपनीयता धोरण आम्ही बाईंच्या भेटीनंतर प्रथमच वाचले. इंग्रजीत, अकरा पाने. त्यात कॅलिफोर्नियातील रहिवाशांचे हक्क तपशीलवार दिले होते. पान बनवणाऱ्या मुलाने कोठूनतरी तयार मजकूर उचलून चिकटवला होता आणि आमच्या कार्यकारिणीने तो एकमताने संमत केला होता. फलकासाठी दंड थोपटणाऱ्या संस्थेच्या दारात ही पाटी! आता तेथे पाऊण पानाची मराठी सूचना आहे. लिहायला आम्हांला दोन संध्याकाळ लागल्या. अनेक मराठी वृत्तसंकेतस्थळांवरही बातमी मराठीत आणि अटी इंग्रजीत असतात. मराठी वाचकांच्या जिवावर चालणाऱ्यांनी तरी एवढे करायला हवे.

मराठी केले की काम संपले, असेही नाही. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'लेजिटिमेट इंटरेस्ट' याचे 'कायदेशीर स्वारस्य' झालेले आम्ही पाहिले आहे; वाचणाऱ्याला वाटावे, सरकारनेच परवानगी दिली आहे. मूळ अर्थ एवढाच की संमती न विचारता माहिती वापरण्याचा आपल्याला वाजवी हक्क आहे, असा कंपनीचा दावा. 'थर्ड पार्टी' याचे 'तृतीय पक्ष'. बाईंनी तो शब्द वाचून विचारले, "पहिला पक्ष मी, दुसरा ते पान. मग हा तिसरा कोण, आणि त्याला घरात घेतले कोणी?" शब्द बोजड खरा, पण मराठीत होता म्हणून हा प्रश्न त्यांना सुचला. कुकीला मराठी प्रतिशब्द शोधत बसण्याची गरज नाही. टेबल रुळले तसा तो शब्दही रुळेल. वाक्य मात्र मराठी हवे: 'आम्ही तुमची ही माहिती, या कामासाठी, इतके दिवस ठेवू. चालेल की नको?'

बाईंच्या फोनवर त्या दिवशी काय केले ते लिहितो. फोनच्या सेटिंग्जमधून भाषांच्या यादीत मराठी पहिल्या स्थानी आणली. क्रोममधील तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, तेथून गोपनीयता व सुरक्षा या भागात जाऊन थर्ड-पार्टी कुकी बंद केल्या. साइट सेटिंग्जमधील सूचनांच्या यादीतून एकोणीसपैकी अठरा परवानग्या काढल्या. पंचांगाची एक बाईंनी राखली. जुना ब्राउझिंग डेटा पुसला, त्यामुळे बँकेच्या व मेलच्या पानांवर पुन्हा पासवर्ड द्यावा लागेल हे आधी सांगून. कुकीचा वास ब्राउझरमध्ये असतो. ॲप वेगळ्या ओळखीवर चालतात. म्हणून अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या भागातून जाहिरात आयडी काढून टाकला आणि कॅमेरा, माइक, ठिकाण, संपर्क यांच्या परवानग्या एकेका ॲपसाठी तपासल्या. विजेरीच्या ॲपला त्यांची संपर्कयादी दिलेली होती. मेनूंची नावे फोनागणिक थोडी वेगळी दिसतील. इन्कॉग्निटोवर कोणी विसंबू नये. तो घरच्यांपासून इतिहास लपवतो, संकेतस्थळांपासून आपल्याला नव्हे. या सगळ्याला पस्तीस मिनिटे लागली, त्यांतील दहा चहाची.

यापुढे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराचा फोन, त्याची इच्छा असल्यास, याच रीतीने लावून देण्याचे आम्ही ठरवले आहे. आणि ज्या ज्या बँकेचे, विमा कंपनीचे, वृत्तपत्राचे पान आपण नेहमी उघडतो, त्याच्या तक्रार अधिकाऱ्यास पाठवण्यासाठी एक मसुदा केला आहे. तो असा: "मी आपल्या सेवेचा मराठी भाषक वापरकर्ता आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलमे ५ व ६ नुसार आपली सूचना व संमतीची मागणी मला मराठीत पाहावयाची आहे. ती सुविधा सध्या कोठे उपलब्ध आहे, अथवा कोणत्या दिनांकापासून उपलब्ध होईल, हे मराठीत कळवावे." खाली नाव, गाव आणि तारीख घालावी. अर्ज इंग्रजीत पाठवू नये.