सही-शिक्क्यासाठी मजकुराचा फोटो

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आणि जवळपास त्याच शब्दांत आली आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरची सूचना अंध विद्यार्थ्याला वाचता येत नाही, म्हणून ग्रंथपाल कार्यालयाकडे मूळ वर्ड फाइल मागतात. कार्यालयाचे उत्तर ठरलेले: सही-शिक्क्याशिवाय काहीही बाहेर देता येणार नाही. एका वाचकाने परीक्षा अर्जाच्या मुदतवाढीची सूचनाच पत्राला जोडली आहे. ती सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरली. तृतीय वर्ष कला शाखेतल्या एका अंध विद्यार्थिनीने ती फोनवर उघडली, पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरला तिच्यात वाचण्यासारखे काहीच सापडले नाही. मैत्रिणीकडून कळले तोवर मुदत टळली होती आणि विलंब शुल्क भरावे लागले.

ही सूचना संगणकावरच तयार झाली होती. लिपिकाने ती टंकलिखित केली तेव्हा तिच्यातले अक्षर न् अक्षर स्क्रीन रीडरला वाचता आले असते. मग तिची प्रिंट निघाली. प्राचार्यांची सही झाली, गोल शिक्का बसला, जावक क्रमांक पडला. स्कॅनर बंद होता, म्हणून कोणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढला. थोडा तिरका, एका कोपऱ्यात हाताची सावली. तोच पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढला. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून अशी फाइल उघडली की दस्तऐवज रिकामा असल्याचे ऐकू येते. वाचता येणारा मजकूर होता, आणि तो वाचता येणार नाही असा करण्यासाठी कार्यालयाने तीन टेबलांचा वेळ घालवला. आपल्या महाविद्यालयांच्या डिजिटल साहित्यातला सगळ्यात मोठा अडथळा हाच आहे. पैशांच्या किंवा यंत्रांच्या कमतरतेशी त्याचा काही संबंध नाही.

सही-शिक्क्याचा आग्रह कोणत्या नियमातून आला, हे विचारल्यावर एकाही कार्यालयाने नियम दाखवलेला नाही. उलट नियम दुसऱ्या बाजूचे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या नियमांत, म्हणजे १५ जून २०१७ च्या नियमावलीतल्या नियम १५ मध्ये, संकेतस्थळावर टाकायचे दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरे मजकुरात आणलेल्या, पीडीएफ स्वरूपात असावेत असे स्पष्ट म्हटले होते. अधिनियमाच्या कलम ४६ ने सेवा देणाऱ्यांना दिलेली दोन वर्षांची मुदत २०१९ मध्येच संपली. सहीची अडचण म्हणावी, तर इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने मान्यता दिलेली आहे. खुद्द महाराष्ट्र शासनाचे निर्णय डिजिटल स्वाक्षरीने आणि संकेतांकासह संकेतस्थळावर येतात. मंत्रालयाला जे चालते ते महाविद्यालयाच्या कार्यालयाला का चालू नये? आणि डिजिटल स्वाक्षरी नसली तरी मार्ग सरळ आहे: सही-शिक्क्याची प्रत फाइलला लावा आणि वर्डमधून थेट काढलेली पीडीएफ संकेतस्थळावर टाका. तळाशी ‘मूळ प्रतीवर प्राचार्यांची स्वाक्षरी आहे’ एवढी ओळ पुरते.

अलीकडे काही कार्यालये एक नवीनच युक्तिवाद करू लागली आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला; नियमच गेला, तर बंधन कसले, असे त्यांचे म्हणणे. निकालाची चार पाने वाचली असती तरी हे म्हणण्याचे धाडस झाले नसते. नियम फार कडक आहे म्हणून न्यायालयाने तो बाजूला सारलेला नाही. अधिनियमाला सक्तीची मानके अपेक्षित असताना नियमाने केवळ शिफारशींवर भागवले, हा त्यातला दोष होता. केंद्राने तीन महिन्यांत तडजोड न करता येणारी मानके वेगळी काढून बंधनकारक करावीत, असा तो आदेश आहे. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. ते प्रकरण बँकांच्या केवायसीचे होते हे खरे, पण ज्याला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा कॅप्चा दिसत नाही त्याची अडचण वेगळी नाही. अधिनियमाच्या कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. हे आकडे कार्यालयीन टिपणीत लिहून प्राचार्यांपुढे ठेवायला हरकत नाही.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे प्रकरण याहून क्लेशदायक आहे. स्वयंअध्ययन अहवालाच्या सातव्या निकषात दिव्यांगस्नेही परिसराची माहिती भरावी लागते: रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, वापरता येण्याजोगे संकेतस्थळ, स्क्रीन रीडर, लेखनिक, वाचन साहित्याच्या सॉफ्ट कॉपी. यादीत खोट काढायला जागा नाही. पण पुरावे म्हणून जिओटॅग केलेली छायाचित्रे आणि खरेदी केलेल्या सॉफ्टवेअरचा तपशील मागितला जातो. रॅम्पचा फोटो निघतो. संकेतस्थळ वापरता येते की नाही याचा फोटो कसा काढणार? त्यामुळे ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या एका संगणकाचा, वर ‘दिव्यांग कक्ष’ अशी पाटी लावून, अक्षांश-रेखांशांसह फोटो काढला जातो. दुसरी अडचण एनव्हीडीएची. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतले, पुढे त्याचा अंध सहकारी जेम्स तेह सोबतीला आला आणि आजही ते कोणालाही मोफत मिळते. मोफत म्हणून त्याचे बिल नाही. बिल नाही म्हणून महाविद्यालयाचे नॅक समन्वयक म्हणतात, पुरावा नाही. एका वाचकाच्या महाविद्यालयाने केवळ बिल जोडता यावे म्हणून विकतचे सॉफ्टवेअर घेतले. त्याचा परवाना संपल्यावर नूतनीकरणाची मागणी मंजूर झाली नाही आणि विद्यार्थी पुन्हा एनव्हीडीएवर आले.

यात एक गोष्ट प्रत्येकाने आजच तपासावी. नॅकसाठी तयार केलेले दिव्यांग धोरण आपल्या संकेतस्थळावर उघडा आणि त्यातला एखादा शब्द शोधून पाहा. शोध लागला नाही, तर सर्व साहित्य सुगम स्वरूपात देण्याचे आश्वासनच स्कॅन केलेले आहे.

छायाचित्राइतकाच जुना रोग फाँटचा. कृतिदेव, शिवाजी, सुरेख, श्रीलिपी यांनी एकेकाळी मराठी टंकलेखन शक्य केले, त्यांचे ऋण नाकारता येत नाही. पण त्यांत मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. कृतिदेवमध्ये टंकलेल्या ‘महाविद्यालय’ या शब्दावर स्क्रीन रीडर नेला की तो ‘ई, जी, के, एफ, ओ, उभी रेघ, के, वाय, सेमीकोलन’ असा येतो. डोळस वाचकाला पडद्यावर अचूक मराठी दिसत असते, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही. विभागांच्या नोट्स, वार्षिकांक आणि छापखान्यातून आलेल्या अभ्यासपुस्तिका अजूनही या स्वरूपात संग्रहात येतात. शोधगंगेवरच्या कितीतरी मराठी प्रबंधांची हीच गत आहे. त्यांत शब्दशोध चालत नाही, म्हणजे डोळस संशोधकाचेही नुकसान झालेच. मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरक साधने मोफत मिळतात. रूपांतरानंतर रफार, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ यांतला अर्धा र आणि जागा सोडून पुढच्या अक्षरावर गेलेली ऱ्हस्व वेलांटी हाताने तपासावी लागते, पण नव्याने टंकण्याच्या मानाने हे काम थोडके आहे. आणि यापुढे युनिकोडखेरीज काहीही स्वीकारायचे नाही, एवढी अट छापखान्याच्या कार्यादेशात घालणे तर पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आता आपल्याच व्यवसायबंधूंविषयी. टपालात दुसऱ्या प्रकारचीही पत्रे आहेत. ‘आमच्याकडे अंध विद्यार्थी नाहीत’ हे त्यांतले सर्वांत आवडते वाक्य. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत अल्पदृष्टी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहेत, आणि असा विद्यार्थी काउंटरवर येऊन आपले प्रमाणपत्र दाखवत नाही. तो चुपचाप अक्षरे मोठी करून वाचतो किंवा कुणाला तरी वाचून दाखवायला सांगतो. शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत पाच टक्क्यांहून कमी नाही इतक्या जागा कलम ३२ ने राखून ठेवल्या आहेत. त्या जागा भरत नसतील तर त्याचे एक कारण आपल्या संकेतस्थळावरचा प्रवेशाचा अर्जही असू शकेल. पदे रिक्त आहेत, एकेक ग्रंथपाल दोन-दोन माणसांचे काम ओढतो आहे, हे मान्यच. पण सूचनेची पीडीएफ थेट वर्डमधून काढायला माणूस लागत नाही.

दुसरी सबब कॉपीराइटची. संदर्भपुस्तक स्कॅन करून अंध विद्यार्थ्याला दिले तर प्रकाशक दावा लावेल, अशी भीती ज्येष्ठ ग्रंथपालही बोलून दाखवतात. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियमात कलम ५२(१)(झेडबी) आले आणि दिव्यांगांसाठी सुगम प्रत तयार करायला परवानगीची गरज उरली नाही. संस्थेपुरती अट एवढीच की काम नफ्यासाठी नसावे आणि प्रत दिव्यांगांपुरतीच राहावी. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचा मराकेश करार २४ जून २०१४ रोजी मंजूर करणारा भारत हा जगातला पहिला देश होता. अशा देशातल्या ग्रंथपालाने प्रकाशकाला घाबरून विद्यार्थ्याला परत पाठवू नये. स्कॅनिंगला हात घालण्याआधी सुगम्य पुस्तकालय या दिव्यांगांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात मात्र जरूर शोधा. पुस्तक तिथे आधीच असेल तर मेहनत वाचेल.

ध्वनिचित्रफितींबद्दल वेगळा अंक काढावा लागेल. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी कॅप्शन नसलेली व्याख्याने यूट्यूबवर चढवणे थांबले पाहिजे. पण तक्रार आली की व्हिडिओच काढून टाकायचे, हा उपाय नव्हे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक ध्वनी-चित्रमुद्रणे बाहेरच्या सर्वांसाठी बंद केली. त्यातून कर्णबधिरांना काही मिळाले नाही आणि इतरांकडे होते तेही गेले.

हे काम करून दाखवणारे आपल्याच राज्यात आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र चालते आहे. तेवढी माणसे आणि साधने जिल्ह्याच्या ठिकाणी नसतील. म्हणून सुरुवात एकाच गोष्टीपासून करू या: मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. ग्रंथालयात सर्वांत जास्त मागणी असते ती त्यांना, आणि त्याच हमखास फोटोच्या स्वरूपात असतात. ३०० डीपीआयवर सरळ स्कॅन करा. टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. प्रश्न क्रमांक आणि गुणांचे आकडे ओसीआरवर सोडू नका, ते माणसाने मुळाशी ताडून पाहावेत. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत कमवा व शिका योजनेतले विद्यार्थी हे काम उत्तम करतील. त्यांना खते उचलायला आणि झाडलोटीला लावण्यापेक्षा हे काम द्या. तयार झालेली प्रत आधी महाविद्यालयातल्या एखाद्या स्क्रीन रीडर वापरणाऱ्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्या. तो जिथे अडेल तिथे दुरुस्ती करा, मगच ती संकेतस्थळावर ठेवा.

कार्यालयाशी वाद घालण्यात महिने घालवू नका. पुढच्या महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत ‘सर्व सूचना युनिकोड मजकुराच्या पीडीएफमध्ये प्रसिद्ध कराव्यात’ एवढा एक ओळीचा ठराव मांडा. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी या मासिकाच्या कार्यालयाला कळवावे. युनिकोडमध्ये न उतरणाऱ्या फाँटच्या नमुना फाइली आणि दुरुस्त केलेल्या प्रश्नपत्रिकांचे संचही पाठवावेत. पुढच्या अंकापासून दोन पाने यासाठी राखून ठेवली आहेत.