पाच नंबरची गाडी

चोवीस तासांची मोटारशर्यत म्हटलं की वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला. "बाई, त्यांना झोप नाही येत?"

येते की! म्हणून तर एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात. एक चालवतो, एक खाऊन घेतो, एक डुलकी काढतो. कुणालाही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त आणि अख्ख्या शर्यतीत १४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, असा नियमच आहे. झोप नसते ती गाडीला. पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला पिटमध्ये थांबेल, तेवढाच तिचा विसावा.

ही शर्यत होते फ्रान्समधल्या ल माँ या गावाजवळ. १९२३ साली ती सुरू झाली आणि बहुतेक वेळा जून महिन्यातच होते. एक फेरी साधारण साडेतेरा किलोमीटरची. गंमत म्हणजे या फेरीतला बराचसा रस्ता एरवी साधा रहदारीचा असतो, लोक त्यावरून रोज कामाला जातात. चोवीस तासांत जी गाडी सगळ्यांत जास्त अंतर तोडेल ती जिंकली. हिशेब एवढाच.

आता एवढी लांबलचक शर्यत बघायची तरी कशी? पन्नास-साठ गाड्या, त्यांतल्या काही अतिवेगवान, काही त्यांच्यापेक्षा हळू, आणि सगळ्या एकाच रस्त्यावर. पहिल्या तासातच डोकं गरगरायला लागतं. यावर माझा उपाय सोपा आहे. एकच गाडी धरायची. वहीच्या पानावर तिचा नंबर मोठ्या अक्षरात लिहायचा, खाली तिघा ड्रायव्हरांची नावं, आणि मग जमेल तेव्हा एकेक ओळ भरायची: किती वाजले, कितवी फेरी, गाडी कितवी. मधे जेवा, अभ्यास करा, झोपा. (आईबाबांनो, घाबरू नका, रात्रभर जागायची काही गरज नसते. तिकडे जूनमध्ये अंधार पडतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजून गेलेला असतो आणि तिकडे उजाडतं तेव्हा आपले साडेनऊ. म्हणजे मुलं झोपून उठली, दूध पिऊन झालं, तरी तिथली पहाट त्यांना बघायला मिळते.)

तर २०१६ साली माझ्या वहीत नंबर होता पाच. टोयोटाची गाडी. ड्रायव्हर तिघे: इंग्लंडचा अँथनी डेव्हिडसन, स्वित्झर्लंडचा सेबॅस्टियन ब्युएमी आणि जपानचा काझुकी नाकाजिमा. टोयोटा १९८५ पासून ल माँला येत होती, पण पहिला नंबर काही हाती लागत नव्हता. जपानची एकच गाडी तोवर तिथे जिंकली होती, १९९१ साली, आणि ती होती माझदाची.

त्या वर्षी एवढा पाऊस कोसळला की इतिहासात पहिल्यांदाच शर्यतीची सुरुवात सेफ्टी कारच्या मागे रांगेने करावी लागली. रात्र सरली, सकाळ झाली. शेवटच्या तासाला पाच नंबर पुढे होती आणि दोन नंबरची पोर्शे मागे. गाडीत होता नाकाजिमा. आपल्याकडे रविवारची संध्याकाळ, सव्वासहा वाजून गेलेले. पिटमधली जपानी मंडळी आनंदाने रडण्याच्या बेतात होती.

आणि गाडीतली ताकदच गेली! नाकाजिमा रेडिओवर पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. शर्यत संपायला जेमतेम तीन मिनिटं उरली असताना गाडी सुरुवातीच्या रेषेजवळ, नेमकी आपल्याच माणसांच्या डोळ्यांसमोर येऊन थांबली. बाजूने पोर्शे निघून गेली.

झालं काय होतं? लोहाराचा भाता पाहिलाय ना? जास्त हवा मिळाली की निखारे रसरसतात. टर्बो हे यंत्र इंजिनासाठी तसंच काम करतं, हवा दाबून आत पाठवतं. या दाबलेल्या हवेच्या वाटेवरच्या एका जोडणीत बिघाड झाला आणि इंजिनाचा दमच गेला. एवढीशी जोडणी!

नाकाजिमाने गाडी कशीबशी पुन्हा सुरू केली आणि ती फेरी पूर्णही केली. पण तिला लागली ११ मिनिटं ५३ सेकंद. तेव्हाचा नियम होता की शेवटची फेरी सहा मिनिटांच्या आत पूर्ण झाली पाहिजे. पोर्शेच्या फेऱ्या भरल्या ३८४. पाच नंबरच्याही ३८४! ५,२०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं, तर जवळजवळ पस्तीस वेळा. तरीही निकालात पाच नंबरला दुसरा सोडाच, कुठलाच क्रमांक मिळाला नाही. दुसरी आली ती टोयोटाचीच सहा नंबरची गाडी, ३८१ फेऱ्यांची.

मला त्या दिवशी नियमाचा भयंकर राग आला होता. पण विचार केला तर नियमाला अर्थ आहे. नाहीतर मोडकी गाडी तासभर कडेला उभी ठेवायची, वेळ संपताना रांगत आणायची आणि 'शर्यत पूर्ण केली' म्हणायचं, असं कुणीही करेल. तरीपण... तीन फेऱ्या कमी केलेली गाडी दुसरी, आणि हिला काहीच नाही? पोर्शेवाल्यांनाही हे जाणवलं असावं. त्यांनी जिंकल्यावर जाहीरपणे टोयोटाला सलाम केला. मला तो फार आवडला.

२०१७ ची कथा तर ऐकून हसावं की रडावं ते कळत नाही. टोयोटाची सात नंबरची गाडी पुढे होती. रात्री पिटच्या बाहेर पडताना लाल दिवा, म्हणून कामुई कोबायाशी थांबलेला. तेवढ्यात पोशाख घातलेला एक माणूस धावत आला आणि त्याने अंगठा दाखवला. कोबायाशीला वाटलं हा मार्शलच, जा म्हणतोय. प्रत्यक्षात तो दुसऱ्या एका टीमचा ड्रायव्हर होता आणि बिचारा नुसत्या शुभेच्छा देत होता! कोबायाशी निघाला, टीमने रेडिओवर 'थांब' म्हटलं, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. या ओढाताणीत क्लच जळाला आणि गाडी बाद.

२०१८ साली मात्र टोयोटाच्या मंडळींनी सराव करताना मुद्दाम बिघाड घडवून आणले आणि त्यांतून गाडी परत कशी आणायची ते शिकून घेतलं. त्या वर्षी त्यांची आठ नंबरची गाडी ३८८ फेऱ्या मारून जिंकली. शेवटी गाडीत कोण होतं माहीत आहे? नाकाजिमाच! पोर्शे तोवर या गटातून बाहेर पडली होती, त्यामुळे 'समोर होतंच कोण?' असं म्हणणारेही भेटले. मला ते पटत नाही. तुटलेल्या जोडणीला समोर कोण आहे ते थोडंच कळतं?

पण माझं लक्ष होतं दुसरीकडेच. आठ नंबरच्या गाडीवर नावं होती ब्युएमी, नाकाजिमा आणि फर्नांडो अलोन्सो. डेव्हिडसन कुठे होता? अलोन्सो म्हणजे फॉर्म्युला वनचा दोन वेळचा विश्वविजेता. त्याला जागा देताना डेव्हिडसनला राखीव ठेवलं होतं.

हाच डेव्हिडसन २०१२ साली ल माँला भयंकर अपघातात सापडला होता. पाठीचे दोन मणके मोडले. (त्याच शर्यतीत आपल्या करुण चंडोकची गाडी एकूणात सहावी आली, बरं का.) बरा होऊन तो परत आला आणि २०१४ मध्ये ब्युएमीच्या जोडीने अशा लांब शर्यतींचा जागतिक विजेता झाला. २०१६ साली ल माँ तीन मिनिटांवर आलं होतं. पुढे २०२१ मध्ये तो शर्यतींतून निवृत्त झाला. ल माँची शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही.

अलोन्सोला घ्यायला हवं होतं की डेव्हिडसनला ठेवायला हवं होतं? आमच्या वर्गात यावर चांगलं भांडण झालं, मुलं आणि मुली मिळून अर्धे इकडे, अर्धे तिकडे. सहा मिनिटांच्या नियमावर तर त्याहून जास्त. तुमचं काय मत आहे ते एका पोस्टकार्डात मावेल एवढंच लिहून कळवा. आणि येत्या शर्यतीसाठी कुठला नंबर धरलाय तेही लिहा, खाली तिघांची नावं घालून.