तळ्याला धाप लागते तेव्हा

दोस्तांनो, या आठवड्यात सगळी जागा एकाच पत्राला देतोय. पत्र वाईहून आलंय, आठवीतल्या एका मैत्रिणीचं. अक्षर मोत्यासारखं, पण मजकूर वाचून पोटात कालवाकालव झाली.

ती लिहिते, ‘‘काका, आमचं शेत धोमच्या रस्त्याला आहे. बाबांनी शेततळ्यात रोहू आणि कटला सोडलेत. मागच्या आठवड्यात तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. चौथ्या दिवशी पहाटे आजोबा तळ्यावर गेले, तर मासे तोंडं वर काढून आ वासत होते. उजाडेपर्यंत चाळीसएक मेले. कुणी म्हणतं कारंजं लावा, कुणी म्हणतं चाक बसवा, दुकानदार म्हणतो बुडबुड्यांचं मशीन घ्या. माझा भाऊ म्हणतो, त्याच्या काचेच्या पेटीतला पंप लावू! पैसे एकदाच खर्च करता येतील. काय घ्यावं?’’

घाई नको, बाळ. आधी माशांना झालं काय ते बघू.

एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आणि 25 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात? फार फार तर आठ! वाई समुद्रसपाटीपासून उंचावर, म्हणून तिथे त्याहून थोडा कमीच. पाणी तापलं की आणखी घटतो. म्हणजे माशाचं ताट मुळातच लहान. पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला की मासे मजेत असतात. तीनच्या खाली गेला की कासावीस होतात.

दिवसा तळ्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. पण रात्री तेच शेवाळ माशांसारखं प्राणवायू घेत बसतं! तळाशी कुजणारं उरलेलं खाद्यही तो खातं. म्हणून सगळ्यात मोठी टंचाई पडते ती पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी. त्यात तीन दिवस आभाळ. कमाई बंद आणि खर्च चालू. आजोबा नेमक्या त्याच वेळेला पोचले.

तुमच्या गणपती घाटावर वाहत्या कृष्णेला ही अडचण सहसा येत नाही. दगडांवरून खळाळताना पाणी हवेला भिडत राहतं. पण नदीत फार घाण आली तर तीही हरते. ती घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवून टाकतात. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ याच कृष्णेत माशांचा खच पडला होता.

आता यंत्रांकडे वळू. भावाच्या पंपाचा हिशेब आधी करून टाकतो. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल अशा शेततळ्याच्या कडा उतरत्या असतात. त्यात साधारण 22 लाख लिटर पाणी मावतं. दर लिटरला फक्त तीन मिलिग्रॅम प्राणवायू वाढवायचा म्हटलं, तरी साडेसहा किलोच्या वर लागेल. पेटीतला पंप बिचारा किती जन्म चालवणार!

कारंजं दिसायला झकास. पण बहुतेक कारंजी वरचंच पाणी ओढतात आणि वरच टाकतात. तळाची कोंडी तशीच राहते. शिवाय वाऱ्यावर तुषार उडतात आणि उन्हाळ्यासाठी साठवलेलं पाणी वाया जातं. बागेतल्या हौदाला ते शोभतं.

पाणी उडवणारं चाक मात्र कामाचं. कोळंबीच्या तळ्यांत तेच फिरताना दिसतं. प्राणवायू झटपट मिसळतो. पण त्याची खरी जागा चार-पाच फूट खोल पाण्यात. दहा फूट खोल तळ्याच्या बुडापर्यंत त्याचा हात पोचेलच असं नाही. तळ्यात प्लॅस्टिकचा कागद असेल तर तो फाटणार नाही अशा बेताने ते बांधावं लागतं.

उरलं बुडबुड्यांचं मशीन. एक गंमत बघ. एक सेंटीमीटर जाडीचा एक बुडबुडा फोडून एक मिलिमीटरचे केले, तर किती होतील? एक हजार! हवा तेवढीच, पण पाण्याला भिडणारा तिचा पृष्ठभाग दहापट. म्हणून बुडबुडे बारीक हवेत. तरीही त्यांतला बराचसा प्राणवायू वर येऊन हवेतच निसटतो. त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. ते तळाचं पाणी वर ओढून आणतात आणि त्याला हवा दाखवतात. तळं जितकं खोल, तितकं हे काम चांगलं जमतं. हवेची मोटर काठावर राहते, पाण्यात फक्त नळी. विजेच्या दृष्टीने हेही बरं.

तेव्हा बाबांना सांग, आधी दोरीला दगड बांधून खोली मोजा. आठ-दहा फूट भरली तर दुकानदार या वेळी खरं बोलतोय. पण एक गोष्ट त्याने सांगितली नसेल. पहिल्याच दिवशी मशीन रात्रभर चालवलंत तर तळाचं सडकं पाणी एकदम वर येईल आणि उरलेले मासेही जातील. पहिल्या दिवशी पाव तास, दुसऱ्या दिवशी अर्धा, असं आठवडाभर हळूहळू वाढवा.

आणि वीज? शेतीची वीज पाळीने येते. सोलर पंप असला तर तो दिवसा जोरात चालतो, म्हणजे गरज सगळ्यात कमी असते तेव्हा! पहाटे तीन ते सहा मशीन कशावर चालणार, ते ठरल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तोवर फुकटचे उपाय करा. आभाळ आलं की खाद्य बंद. आजोबांनी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून पाहावा. तळवा दिसला नाही तर शेवाळ फार माजलंय. पुन्हा मासे वर आले तर शेतीचीच मोटर लावा, तळ्यातलं पाणी उपसा आणि पत्र्याच्या चाळणीतून उंचावरून तळ्यातच सोडा. सगळं तळं नाही सुधारणार, पण एक कोपरा सुधारेल आणि मासे तिथे गोळा होतील.

तू आणि भाऊ मात्र काठावर एकटे जायचं नाही. प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. आजोबांना आधी एक जाड दोर काठावरच्या खुंटाला कायमचा बांधून पाण्यात सोडायला सांग.

खोली किती निघाली ते कळव. तळ्यात मासे किती सोडलेत, तेही बाबांना विचारून लिही. मला शंका आहे, ते जरा जास्तच असावेत.